कोड ९२

दसरा सरला की बीडकडच्या गावांत माणसं मोजायची रीतच बदलते. "यंदा आपल्या वस्तीवरून वीस कोयते गेले," असं कोणी म्हणालं तर ऐकणारा मनातल्या मनात चाळीस माणसं धरतो. कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी गेला तर तो अर्धा कोयता. मुकादमाची उचल कोयत्याला मिळते, टनामागची मजुरी कोयत्याच्या तोडीवर धरतात आणि आजारपणात एक दिवस बुडला तर खाड्याचे पैसेही कोयत्याचेच कापले जातात. पहाटे फडात उतरल्यापासून बाई ऊस तोडते, पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिच्यावाचून कोयता पुरा होत नाही, म्हणजे तिच्या श्रमाची किंमत मुकादमाला चांगलीच ठाऊक आहे. फक्त ती वेगळी काढून कोणी सांगत नाही. उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर असते.

देशातल्या श्रमाची आकडेवारी तयार करणाऱ्यांना नेमकं उलटं करायचं असतं. कोयता फोडायचा आणि त्यातला गडी आणि बाई वेगवेगळ्या रकान्यांत बसवायची. गड्याचं काम चटकन होतं. बाईपाशी अडतं. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणना आणि सर्वेक्षणं चाळली तर ते प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या जागी अडलेलं दिसतं.

या मोजणीचं नाव श्रमशक्ती सहभाग दर. गणित शाळेतल्या शेकडेवारीइतकं सोपं आहे. काम करणारे आणि काम नसलं तरी ते शोधणारे किंवा मिळालं तर करायला तयार असलेले, या दोघांची बेरीज म्हणजे श्रमशक्ती. तिला त्या वयोगटाच्या लोकसंख्येने भागायचं. शिकणारे, निवृत्त, आजारी आणि 'फक्त घरकाम' करणारे श्रमशक्तीबाहेर. बेरोजगारीच्या दरातला छेद मात्र वेगळा असतो. तिथे सगळी लोकसंख्या नसते, फक्त श्रमशक्ती असते. समजा एका गावात शंभर प्रौढ बायका आहेत. चाळीसजणी काम करतात, दोघी काम शोधताहेत. सहभाग दर झाला ४२ टक्के आणि बेरोजगारी बेचाळिसात दोन, म्हणजे ४.८ टक्के. वर्षभर हिंडून त्या दोघी कंटाळल्या आणि घरी बसल्या. आता सहभाग दर ४० आणि बेरोजगारी शून्य. गावात एकही नवी नोकरी आली नाही, तरी बेरोजगारी हटली. म्हणून बायकांच्या बाबतीत नुसता बेरोजगारीचा दर सांगणाऱ्याकडे मी जरा संशयानेच पाहतो. तो खोटं बोलत नसतो, पण अर्धा कोयता दाखवत असतो.

छेदातल्या लोकसंख्येचं वय कुठून धरायचं, इथूनच आकडे फुटायला लागतात. २०१७-१८ च्या सरकारी सर्वेक्षणात भारतातल्या स्त्रियांचा सहभाग दर १७.५ टक्के होता आणि २३.३ टक्केही होता. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात तान्ह्या मुलींपासून सगळ्या वयाच्या आहेत, दुसऱ्यात १५ वर्षं आणि पुढच्या. या दुसऱ्या आकड्यातही ऐंशीची आजी आहेच, म्हणून काही तक्ते १५ ते ५९ एवढाच गट धरतात. वर्तमानपत्राच्या मथळ्यात यातलं काहीच मावत नाही.

पण वय ही किरकोळ अडचण. खरी अडचण 'काम' या शब्दाची आणि काळाची. कधीचं काम? आजचं, या आठवड्यातलं की वर्षातलं?

आपल्याकडे हे सर्वेक्षण राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण करतं. त्याचं आत्ताचं रूप म्हणजे एप्रिल २०१७ पासून चालू असलेलं नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण, इंग्रजी आद्याक्षरांनी पीएलएफएस. २०२४ पर्यंतच्या पद्धतीत दरसाल लाखभर घरांत जाऊन चार लाखांहून अधिक माणसांची माहिती घेतली जाई. त्यात प्रत्येक माणसाला दोन घड्याळं लावून मोजतात. पहिलं मागच्या ३६५ दिवसांचं. त्यातला जास्त काळ जे केलं ती 'मुख्य स्थिती', आणि त्याखेरीज निदान ३० दिवस आणखी काही काम केलं असेल तर ती 'दुय्यम स्थिती'. दुसरं घड्याळ मागच्या सात दिवसांचं. त्यात कुठल्याही एका दिवशी एक तासभर जरी काम केलं असेल तरी माणूस कामकरी ठरतो.

आपल्या कोयत्यातल्या बाईला ही घड्याळं लावून पाहू. दिवाळीच्या आगेमागे ती गेली आणि मार्चअखेर परतली. गाळपाचा हंगाम काही घट्ट बांधलेला नसतो. २०२१-२२ मध्ये उसाचं पीक एवढं आलं की काही कारखाने जूनपर्यंत चालले, आणि पाणी कमी असलेल्या वर्षी हंगाम शंभर दिवसांतही आटोपतो. समजा यंदा तिचे १४० दिवस भरले. वर्षाचा निम्मा म्हणजे १८३ दिवस. मग मुख्य स्थिती कोणती? सर्वेक्षकाने पुढे विचारलं, "पावसाळ्यात काय करता?", तर उत्तर येतं: खुरपणी, सोयाबीनची काढणी, दुसऱ्याच्या रानात रोजंदारी. त्याचे पन्नास दिवस निघाले की ती १८३ ओलांडते आणि मुख्य कामकरी ठरते. पुढे विचारलंच नाही तर तिची मुख्य स्थिती 'घरकाम' आणि ऊसतोड दुय्यम. बाई तीच, वर्षही तेच. मुख्य आणि दुय्यम एकत्र धरून काढलेल्या दरात ती मोजली जाते, नुसत्या मुख्य स्थितीच्या दरात गळते. साप्ताहिक घड्याळात तर गंमतच आहे. जानेवारीत गाठली तर ती कामकरी. मे महिन्यात गाठली, हाताला काही नाही, आणि "काम मिळालं तर कराल का?" याला ती "आता या उन्हात कुठलं काम?" म्हणाली, की श्रमशक्तीच्या बाहेर.

शिवाय जानेवारीत ती गाठ पडणार कशी? ती कोल्हापूर-सांगलीकडे कुठल्याशा फडाशेजारच्या कोपीत आहे. घरचं माणूस सहा महिन्यांहून कमी काळासाठी बाहेर गेलं असेल तर ते घराच्या यादीतच राहतं, त्यामुळे तिच्याबद्दल उत्तर देते गावी राहिलेली सासू.

"मावशी, सून काय करते?"

"काय करती? घरचंच करती. आता गेलीय त्याच्यासंगं तोडीला."

'त्याच्यासंगं' हा शब्द ऐकून सर्वेक्षकाने पेन थांबवलं तर बरं. नाही थांबवलं तर एक ऊसतोड कामगार सोबत गेलेली बायको होऊन जाते.

दुसऱ्याने दिलेल्या उत्तराने असे घोटाळे होतात म्हणून दोष सासूवर टाकणं सोपं आहे. टांझानियात जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी याची रीतसर चाचणी घेतली. काही घरांत माणसाला स्वतःला विचारलं, काही घरांत त्याच्याबद्दल दुसऱ्याला. काही घरांत थोडक्यात प्रश्न, काही घरांत तपशिलात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अंदाजापेक्षा वेगळे होते. दुसऱ्याने उत्तर दिल्यामुळे घसरला तो पुरुषांच्या कामाचा आकडा, कारण त्यांची शेतीतली कामं सांगायची राहून गेली. बायकांच्या आकड्यावर उत्तर कोणी दिलं याचा फरक पडला नाही, फरक पडला तो प्रश्न किती आखूड होता याचा. एकाच प्रश्नात आटोपलं की बायका कामातून गळत होत्या. म्हणजे आपल्या गोष्टीतल्या सासूपेक्षा तिला विचारलेला तीन शब्दांचा प्रश्नच जास्त गुन्हेगार.

हे दुखणं आपल्याकडे लवकर ओळखलं गेलं होतं. १९६० च्या दशकाअखेरीस बेरोजगारीचे अंदाज तपासायला नियोजन आयोगाने तज्ज्ञांची एक समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे प्रा. मो. ल. दांतवाला. १९७० च्या त्यांच्या अहवालाचा गाभा असा, की 'श्रमशक्ती' ही कल्पना औद्योगिक देशांतून आलेली आहे. तिथे माणूस नोकरीत असतो किंवा नसतो. आपल्याकडे बहुसंख्य माणसं घरच्या शेतात, घरच्या धंद्यात, कधी मजुरीवर, कधी बसून. त्यांना एका आकड्यात कोंबायला जाऊ नका. त्या शिफारशींवर १९७२-७३ पासून मोठी पंचवार्षिक रोजगार सर्वेक्षणं सुरू झाली आणि वर्ष, आठवडा आणि दिवस अशी तीन मापं आली. दिवसाच्या मापात तर अर्ध्या अर्ध्या दिवसाचा हिशेब असे, आठवड्याचे चौदा अर्धे दिवस. योगायोग असा, की नेमक्या त्याच दुष्काळी वर्षात महाराष्ट्रात दुष्काळ निवारणाची कामं मोठ्या प्रमाणावर निघाली. खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या मातीकामाला बायका झुंडीने आल्या. आदल्या वर्षी त्यांतल्या कितीजणींना कोणी 'काम शोधणारी' म्हटलं असतं? गावातच काम, ठरलेली मजुरी आणि शेजारणीही सोबत, एवढं जुळून आल्यावर ज्या बाहेर पडतात त्या आधी कुठल्याही यादीत नसतात.

आता ज्या रकान्यामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. सर्वेक्षणाच्या तक्त्यात प्रत्येक माणसाच्या स्थितीला दोन आकडी कोड असतो. स्वतःचा धंदा करणारा ११, नोकर ठेवून धंदा करणारा १२, घरच्या धंद्यात किंवा शेतीत बिनपगारी मदत करणारा २१, पगारी नोकर ३१, इतर रोजंदारी ५१, काम नसलेला पण शोधणारा किंवा तयार असलेला ८१, विद्यार्थी ९१. आणि मग ९२: फक्त घरकाम. त्याला लागून ९३: घरकाम आणि त्याखेरीज घरच्या वापरासाठी सरपण, रानभाजी, गुरांचा चारा गोळा करणं, शिवण-टिपण, विणकाम. ९१ पासून पुढचे सगळे कोड श्रमशक्तीच्या बाहेर.

म्हणजे बायकांचा सहभाग दर ठरतो तो बराचसा २१ आणि ९२-९३ यांच्या मधल्या पातळ भिंतीवर. ही भिंत किती पातळ आहे ते म्हशीवरून कळतं. घरच्या म्हशीची धार काढणं हे नियमाने उत्पादक काम, कारण दूध हा प्राथमिक माल आहे, मग तो विकला नाही आणि घरीच प्यायला तरी चालतो. त्या दुधाचं दही लावून, घुसळून, लोणी कढवून तूप केलं तर ते घरकाम, कारण घरच्या वापरासाठी प्राथमिक मालावर केलेली प्रक्रिया मोजायची नाही असा संकेत आहे. तेच तूप शेजारच्या हॉटेलवाल्याला दिलं की पुन्हा काम. आणि त्याच म्हशीसाठी पडीक रानातून गवताचा भारा आणला तर कोड ९३, म्हणजे बाहेर. सकाळी पाच ते नऊ या वेळात एक बाई श्रमशक्तीत चार वेळा आत-बाहेर करते आणि तिला पत्ताच नसतो. सर्वेक्षकाला मात्र शेवटी एकच कोड लिहायचा असतो. बाहेर अजून अकरा घरं शिल्लक असतात.

पुरुषांच्या वाट्याला ही भिंत येत नाही. घरी बसलेल्या पुरुषाला "काय करता?" विचारलं तर तो "शेती करतो" म्हणतो. सातबारा त्याच्या किंवा वडिलांच्या नावावर असतो आणि पेरणीला तो असतोच, झालं काम. ९२ कोड लावायचा विचार ना त्याच्या मनात येतो ना विचारणाऱ्याच्या. श्रमशक्तीबाहेरचे पुरुष बहुतेक करून कॉलेजातली मुलं आणि म्हातारी माणसं. त्यामुळे व्याख्या थोडी इकडे-तिकडे झाली तरी पुरुषांचा दर जागचा फारसा हलत नाही. पंधरा वर्षांवरच्या पुरुषांचा दर २००४-०५ मध्ये ८४ टक्क्यांच्या आसपास होता, २०१७-१८ मध्ये ७५.८ आणि २०२३-२४ मध्ये ७८.८. मधली घट बऱ्याच अंशी मुलं जास्त वर्षं शिकू लागल्याची आहे, आणि तिचं कोणाला वाईट वाटायचं कारण नाही.

त्याच काळातला बायकांचा आलेख पाहिला तर घाटातला रस्ता वाटावा. २००४-०५ मध्ये सुमारे ४३ टक्के, २०११-१२ मध्ये ३१.२, २०१७-१८ मध्ये २३.३ आणि २०२३-२४ मध्ये ४१.७. तेरा वर्षांत निम्म्यावर येणं आणि सहा वर्षांत जवळपास परत पोचणं, इतक्या वेगाने खरोखरचे संसार बदलतात का?

असा झोका भारतीय आकडेवारीने आधीही एकदा घेतला होता. १९६१ च्या जनगणनेत काम करणाऱ्या स्त्रियांचं लोकसंख्येतलं प्रमाण सुमारे २८ टक्के होतं, १९७१ मध्ये ते १२ टक्क्यांच्या आसपास आलं. दहा वर्षांत निम्म्याहून अधिक बायका कामावरून उठून घरी गेल्या होत्या का? १९६१ मध्ये व्याख्या सैल होती. हंगामाच्या बऱ्याचशा काळात दिवसाला तासाभरापेक्षा जास्त काम केलं की पुरे. १९७१ मध्ये आधी 'मुख्य उद्योग कोणता' हा प्रश्न आला आणि शेतात राबून स्वयंपाकही करणाऱ्या लाखो बायकांचा मुख्य उद्योग 'घर' ठरला. १९८१ ला १८३ दिवसांची रेघ आखून मुख्य आणि सीमांतिक असे कामगारांचे दोन भाग केले. १९९१ च्या प्रश्नावलीत तर स्त्री-संघटना आणि अभ्यासकांच्या रेट्यामुळे प्रश्नातच शब्द घातले गेले, की घरच्या शेतातलं किंवा धंद्यातलं बिनपगारी कामही धरा. कंसातल्या त्या पाच-सात शब्दांसाठी लोकांनी मोहीम चालवली होती. ज्यांना हा प्रकार क्षुल्लक वाटतो त्यांनी २८ आणि १२ हे आकडे पुन्हा पाहावेत.

हा काही आपल्याच खात्यांचा ढिसाळपणा नव्हे. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेच्या एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांचे तक्ते उकरले तेव्हा विवाहित बायकांच्या धंद्याच्या रकान्यात सर्रास 'पत्नी' असं लिहिलेलं सापडलं. शेतावर, घरगुती उद्योगात राबणाऱ्याही त्यात बुडाल्या होत्या. इतर नोंदी जुळवून त्यांनी तो आकडा पुन्हा बांधला, तेव्हा जुन्या काळात बायका कमी काम करत आणि आधुनिक काळात करू लागल्या ही सरळ चढती गोष्टच मोडली. रेघ आधी खाली येते आणि मग वर जाते, इंग्रजी यू अक्षरासारखी.

मग २३ वरून ४२ ही आपली ताजी चढण खरी की कागदावरची? मला ती दोन्ही वाटते, आणि तिच्यात काय काय मिसळलं आहे ते तक्त्यांतूनच दिसतं. ग्रामीण स्त्रियांचा दर २४.६ वरून ४७.६ वर गेला आणि शहरी स्त्रियांचा २०.४ वरून २८ वर. म्हणजे चढ मुख्यतः खेड्यातला आहे. काम करणाऱ्या स्त्रियांपैकी स्वयंरोजगारातल्या ५१.९ टक्के होत्या त्या ६७.४ टक्के झाल्या, आणि त्यांच्यातला कोड २१, बिनपगारी मदतनीस, सगळ्या कामकरी स्त्रियांच्या ३६.७ टक्के आहे. पगारी नोकऱ्यांची लाट आली असती तर हा तक्ता असा दिसला नसता. काहीजण हे सगळं करोनाच्या माथी मारतात: शहरातले रोजगार गेले, माणसं गावी परतली, घरच्या शेतात हात वाढले. त्यात तथ्य आहे. पण २४.५ वरून ३० ही मोठी उडी २०१९-२० ची, आणि ते सर्वेक्षण वर्ष जुलै ते जून असं होतं, त्याचे पहिले नऊ महिने टाळेबंदीच्या आधीचे. त्यामुळे सगळं ओझं एका साथीवर टाकता येत नाही. बायका अडचणीपोटी जास्त राबू लागल्या, पूर्वी राबत होत्या त्याच आता २१ मध्ये नोंदल्या जाऊ लागल्या, किंवा शेळ्या-कोंबड्या, शिलाई असं काहीतरी स्वतःचं उभं करू लागल्या. तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असाव्यात, आणि सहभाग दर त्यांच्यात भेद करत नाही. ते त्याचं कामच नाही. कमाई किती, तास किती, पैसे कोणाच्या हातात, यासाठी वेगळे तक्ते वाचावे लागतात. ते कंटाळवाणे असतात, म्हणून मथळे सहभाग दराचेच होतात.

तासाच्या नियमावरही लोक चिडतात. आठवड्यात एक तास काम केलं की कामकरी, ही थट्टाच वाटते. मला त्यात एवढं वावगं दिसत नाही. देशाच्या उत्पन्नात त्या तासाचाही माल धरलेला असतो, मग तो करणारा माणूस का सोडायचा? हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे आणि बायकांच्या तुटक कामाला पकडायला तो उपयोगीच पडतो. बिघडतं ते पुढे, जेव्हा तासाभराच्या उंबरठ्यावर मोजलेल्या आकड्याला भाषणात 'रोजगार मिळाला' असं नाव दिलं जातं.

तुलनेतला एक सापळा अगदी अलीकडचा आहे. जानेवारी २०२५ पासून हे सर्वेक्षण दरमहा आकडे देऊ लागलं. पहिलं मासिक पत्रक मे महिन्यात आलं, त्यात एप्रिल २०२५ चा एकूण सहभाग दर ५५.६ टक्के होता. आदल्या वार्षिक अहवालात तो ६०.१ होता. वाचणाऱ्याला वाटावं, साडेचार टक्के माणसं श्रमशक्तीतून गेली कुठे? गेली कुठेच नाहीत. मासिक आकडा सात दिवसांच्या घड्याळाचा आहे, वार्षिक आकडा वर्षाच्या. शिवाय नमुना निवडायची रीतही त्या जानेवारीत बदलली. दुधाची लिटरमधली आणि शेरातली मापं शेजारी ठेवून गवळ्याला चोर ठरवण्यातला प्रकार.

मुंबईची सीएमआयई ही खासगी संस्था काढत आलेला स्त्रियांचा दर तर दहा टक्क्यांच्या आसपास फिरत आला आहे. सरकारी आकड्याच्या पाव हिस्सा. त्यांची व्याख्या कडक आहे: साधारण सर्वेक्षणाच्या दिवसाची स्थिती धरायची आणि बेरोजगार तोच जो प्रत्यक्ष हातपाय हलवून काम शोधतोय. या व्याख्येत कोड २१ मधली बाई टिकत नाही. सत्ताधाऱ्यांचे समर्थक ४२ चा आकडा सांगतात, विरोधक दहाचा. दोघेही आपण एकाच गोष्टीबद्दल भांडतोय अशा समजुतीत असतात.

आणि आंतरराष्ट्रीय व्याख्या स्वतःच सरकली आहे. २०१३ मध्ये जगभरच्या श्रम-सांख्यिकांच्या जिनिव्हातल्या परिषदेने ठरवलं, की 'काम' या शब्दात स्वतःच्या घरासाठी केलेला स्वयंपाक, मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं हे सगळं धरायचं. घरकाम हे काम आहे, असा ठराव झाला. पण त्याच ठरावाने 'रोजगार' हा शब्द आक्रसला. मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं काम तेवढाच रोजगार, घरी खाण्यापुरती केलेली शेती त्यातून बाहेर. भारताने अजून जुनीच चौकट ठेवली आहे. उद्या नवी लावली तर घरच्या म्हशीची धार काढणारी, घरापुरती ज्वारी पिकवणारी बाई श्रमशक्तीतून अलगद बाहेर जाईल आणि आलेख पुन्हा घाट उतरेल, एकाही बाईने खुरपं खाली न ठेवता.

कोडांच्या भानगडीत न पडता मोजायचा दुसरा एक रस्ता आहे. तू कोण आहेस हे विचारायचंच नाही, कालचा दिवस कसा गेला ते विचारायचं. पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ खण, आणि प्रत्येक खणात काय केलं. या वेळ-वापर सर्वेक्षणाचा प्रयोग १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झाला, महाराष्ट्र त्यात नव्हता. सबंध देशाचं पहिलं सर्वेक्षण २०१९ मध्ये झालं. सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी ८१ टक्के जणींनी आदल्या दिवशी बिनपगारी घरकाम केलं होतं, पुरुषांपैकी २६ टक्क्यांनी. ज्यांनी केलं त्यांचा सरासरी वेळ बायकांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. पुन्हा २०२४ मध्ये मोजलं तेव्हा बायकांची २८९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ८८. दोघांचीही थोडी कमी झाली. गॅस आणि नळाचा वाटा असेल, नवऱ्याचा नसावा.

इथे "तुम्ही काम करता का?" हा प्रश्नच नाही, त्यामुळे "नाही, घरीच असते" हे उत्तरही नाही. पाच वाजता पाणी भरलं, साडेपाचला धार, सहाला चूल, सातला डबे, असं एकेक खण भरत जातो. कोयत्यातल्या बाईचा फडावरचा दिवस असा लिहिला तर स्वयंपाकाचे खण पहाटे आणि रात्री दिसतील, मधले सगळे उसाचे, आणि मोळीवर मोळी चढवताना त्यातले किती तिचे आणि किती त्याचे हा प्रश्नच उरणार नाही.

जुन्या पंचवार्षिक सर्वेक्षणांमध्ये आणखी एक प्रश्न असे, फारसा कोणाच्या लक्षात न येणारा. वर्षाचा बहुतेक काळ घरकामात घालवणाऱ्या, म्हणजे ९२ आणि ९३ कोडातल्या बायकांना विचारायचं: घरबसल्या काम मिळालं तर कराल का? २०११-१२ च्या फेरीत ग्रामीण भागातल्या सुमारे एक तृतीयांश बायका "हो" म्हणाल्या, शहरातल्या थोड्या कमी. कुठलं काम, या पुढच्या प्रश्नाला सगळ्यांत जास्त उत्तरं 'शिवणकाम' अशी होती, म्हणजे यंत्र कुठे ठेवायचं इथपर्यंत त्यांचा विचार झाला असावा. बेरोजगारांत मात्र त्यांची गणना झाली नाही, कारण वर्षाचा बहुतेक काळ त्यांचा घरकामात गेला होता. सर्वेक्षकाने उत्तर लिहून घेतलं आणि कोड होता तोच ठेवला.